थोरली डावीकडे

नेरूळ, सेक्टर अकरा. खाली दाताचा दवाखाना,
वर आमचा समुपदेशनाचा वर्ग, शनिवारी दहा ते पाच.
तीन-तीन खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा,
आणि खालून अधूनमधून ड्रिलचा आवाज,
जणू कुणाचं तरी दुखणं आमच्याआधी सापडलंय.

शीबा मॅडम म्हणाल्या, छातीवर फक्त नाव लावा,
आडनाव घरी ठेवून या.
राहतंय थोडंच.
नाझनीनचा डबा उघडला तशा दोन खुर्च्या हळूच सरकल्या.
सुमेधला विचारलं, गाव? जावळी.
जावळीत कुठे? म्हणजे विचारायचं दुसरंच होतं.
मी करावे म्हणाले तर कुणी हसून बोललं,
म्हणजे साडेबारा टक्केवाले!

मग सराव. मी समुपदेशक, सुमेध क्लायंट,
नाझनीन निरीक्षक, मांडीवर तक्ता:
नजर मिळवली का. मान हलवली का.
सुमेध वडिलांच्या खांद्याबद्दल सांगू लागला.
तुर्भ्याच्या बाजारात गोण्या वाहून वाहून
उजव्या खांद्यावर चढलेला घट्टा,
लहानपणी हा त्यावर नाणं ठेवायचा,
पडायचं नाही.
मी मान हलवली. म्हणाले, समजू शकते मी.

"काय समजलं?" मागून शीबा मॅडम.
कोट्टायमच्या त्या, पण त्यांचा ळ इतका नीट येतो
की माझीच जीभ लाजते.
"तू आत्ता कुठे गेली होतीस?"
तुर्भ्याला, मी म्हणाले.
नाझनीनने तक्त्यावर काही लिहिलं, मग खोडलं.

दुपारी घराण्याचा नकाशा.
पुरुष चौकोन, बाई गोल.
लग्न म्हणजे आडवी रेघ. तुटलेलं नातं
म्हणजे रेघेवर दोन छोटे काप.
आजोबांचा चौकोन काढला,
ज्यांच्या मिठागराला आता सेक्टर नंबर आहे.
आई. तीन मामा.
शेवटी उजव्या कडेला, उरलेल्या जागेत,
जयवंती मावशी. दोन काप.

ती घाटावरच्या एका माथाडीबरोबर गेली
तेव्हा मी पोटात होते.
जात हा शब्द म्हणे कुणी उच्चारलाच नाही,
फक्त तिचं ताट मोडीत काढलं.

पण दर मे महिन्यात एक टेम्पोवाला
फाटकाशी लसणाची गोणी ठेवून जातो.
निरोप नाही. आई ती रिकामी करते, झटकते,
सोडे आणि सुके बोंबील भरून तोंड शिवते,
तिथेच ठेवते. सकाळी गोणी नसते.
बाबा विचारतात, लसूण कुठला?
बाजारातला, आई म्हणते.
खोटं नाही.

हात वर केला: मॅडम, याला खूण कोणती?
त्यांनी पुस्तक चाळलं. चष्मा काढला.
"आमच्याकडे फणस यायचा," म्हणाल्या,
आणि पुढे काहीच नाही.

रात्री ओटीवर कागद पसरला.
आई कोळंबी सोलत होती. ओलं बोट
कागदाच्या वर वीतभर थांबवून म्हणाली, "ही कोन?"
मी नाव घेतलं. या घरात पहिल्यांदा, मोठ्याने.
आत बाबांच्या बातम्या चालू होत्या,
आवाज कमी झाला नाही, वाढलाही नाही.
"कवरीशी काढलंस! थोरली हाय ती माज्याशी."
कापांबद्दल ती बोलली नाही.

नियम असा, की भावंडांत थोरलं डावीकडे.
म्हणजे आई सरकणार, मामा सरकणार,
मामांच्या मुली, त्यांचे नवरे,
मी, माझा मोडलेला साखरपुडा,
सगळेच एकेक घर उजवीकडे.

मी रबर घेतलं.
आई सोलत राहिली, मधूनच वाकून
फुंकरीने चुरा उडवत.
"तिची पोर बी हाय," म्हणाली. "जागा ठेव."